राजा का अडला
मिशा चिकटवायच्या गोंदाचा वास आला, की आमच्या पेठेतल्या तालीम मंडळाचं नाटक आठवतं. गर्वापायी बुडणाऱ्या राजाचं काम माझा मित्र करायचा आणि मी विंगेतून वाक्यं पुरवणारा प्रॉम्प्टर. तोंड रंगवताना तो सगळ्यांदेखत चेष्टेनं म्हणाला, “राजा मी हाय मर्दा, तू नुसता पुटपुटणारा!” ते मला झोंबलं. शेवटच्या अंकात तो अडला आणि त्यानं विंगेकडं पाहिलं, तेव्हा वाक्य समोर असूनही मी ओठ मिटून उभा राहिलो. “राजं, झोपलासा व्हय?” खालून आरोळी आली. पडदा पाडावा लागला. “माज नडला त्येला,” सगळी पेठ म्हणाली. त्यानं पुन्हा तोंडाला रंग लावला नाही. आज सांगतो, माज त्याच्यात नव्हता. विंगेत मी आहे म्हणून तो शेवटचा अंक कधी पाठच करत नव्हता.