चौलच्या विहिरीतलं कासव

आमच्याकडे वाडीच्या विहिरीत कासव सोडायची रीत आहे. पाणी स्वच्छ राहतं म्हणतात. रानातलं कासव धरायला कायद्याची बंदी, म्हणून नवऱ्याने मुंबईच्या दुकानातून डबीत मावेल एवढं हिरवं पिल्लू आणून सोडलं. त्याच्या कानाशी लाल पट्टा होता. बघता बघता ते ताटलीएवढं झालं. सकाळी मी कळशी कठड्यावर वाजवली, की भातासाठी मान वर काढून यायचं. माझा जीव होता त्याच्यावर.

मग विहिरीतले बेडूक संपले, मासे संपले. आमच्याकडे उतरलेल्या एका पाहुण्याने सांगितलं, हे परदेशी कासव, काही ठेवणार नाही. मी माहेरी गेलेली असताना नवऱ्याने ते परस्पर परदेशी प्राण्यांच्या बचाव केंद्रात देऊन टाकलं.

"विकलं असणार त्यांनी," मी म्हटलं. "फुकट कोण सांभाळतं?"

"तुला सगळीकडं चोरच दिसतात. चांगली मानसं हायत ती."

देवळाबाहेरची चप्पल कुणीतरी चुकून नेली असेल, असं मानणारा माणूस हा. त्याच्या पारखीवर मी काय विश्वास ठेवणार! डब्यात भात घेतला आणि निघाले. कासव असलं तर घेऊन यायचं, नसलं तर तमाशा करायचा, एवढं ठरलं होतं.

केंद्राच्या गेटावर पाटी नाही. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. गमबूट घातलेल्या एका मुलीने दार उघडलं. पाटी का नाही, मी विचारलं.

"पाटी लावली की लोक गेटाशी नको झालेल्या प्राण्यांची खोकी ठेवून पळतात, काकू."

उत्तर तयारच होतं. आत काचेच्या पेट्या, काहींवर फडकी टाकलेली. फोटो काढायचा नाही म्हणाली. का बरं? एका पेटीत भाकरीएवढा बेडूक, नुसतं तोंडच. एका फांदीवर इग्वाना नावाचा मोठा सरडा, शेपूट तुटलेलं. बाहेर टेम्पो उभा होता, त्याचा नंबरही मी पाठ केला.

शेवटी सिमेंटचं टाकं आलं. पाणी हिरवं, वर काहीच नाही.

"आमचं कुठाय?"

"खाली असेल. ओळखाल का तुम्ही?"

म्हणजे दुसरंच दाखवणार. आमच्या कासवाच्या पाठीचा कडेला टवका उडालाय, पोहरा लागून. ते मी तिला मुद्दाम सांगितलं नाही. डबा काढला आणि टाक्याच्या कडेवर वाजवला, रोज कळशी वाजवायची तसा.

एक मान वर आली. मग दुसरी, मग सगळं टाकंच हललं. लाल पट्ट्यांची कासवं एकमेकांच्या पाठीवर चढत माझ्या पायांशी आली.

"तुम्ही डबा वाजवून शिकवलंय यांना," मी म्हटलं.

"आम्ही काहीच वाजवत नाही. ही सगळी घरांतूनच आलीत."

टवक्याचं कासव त्यांच्यातच होतं. तोंड उघडून माझ्याकडे बघत होतं, बाकीचीही तशीच बघत होती. मला रडू आलं. भात घालू नका, त्यांना बरा नाही, असं मुलगी हळूच म्हणाली. मी झाकण लावलं. घेऊन जाते म्हणायला तोंडच उघडेना.

घरी आले तर नवरा फाटकातच उभा होता.

"हाय ना तिथं?"

"आहे."

"वळखलं का तुला?"

"सगळ्यांनीच ओळखलं," मी म्हटलं आणि भाताचा डबा त्याच्या हातात दिला.