माझं काही म्हणणं नाही

फ्रिज दुरुस्त करणाऱ्याचं डोकं थंड असतं असा कुणाचा समज असेल, तर त्याने त्या आठवड्यात आमच्या फ्रिजवाल्याला बघायला हवं होतं. प्रश्न साधा होता. जुनी कार देऊन नवा पिकअप घ्यायचा की नाही, एवढंच शनिवारपर्यंत ठरवायचं होतं, कारण शनिवारनंतर शोरूमची एक्स्चेंज ऑफर संपणार होती. आणि घरातली दोन्ही माणसं, म्हणजे बायको आणि आई, विचारलं की एकच वाक्य तोंडावर फेकत होती: "माझं काही म्हणणं नाही."

अहो, म्हणणं नाही तर गप्प बसावं की माणसाने! पण बायकोच्या त्या वाक्याला हमखास शेपूट असायचं. ती दवाखान्यात रिसेप्शनला होती, लोकांना ताटकळत ठेवायची तिला सवयच. "माझं काही म्हणणं नाही, पण कुणाच्या लग्नाला गेलो तर मी नटूनथटून टेम्पोतून उडी मारायची का, तेवढं सांगा."

"टेम्पो नाही गं, पिकअप!"

"तेच ते."

मेहुण्याचा फोन आला. हा गडी आजवर स्वतःची सायकलसुद्धा न घेतलेला. "भाऊजी, माझं काही म्हणणं नाही, पण कार ती कार," म्हणाला, आणि पुढे बराच वेळ मायलेजवर बोलत राहिला. आई तर या सगळ्यांच्या वरताण. ती "पण"सुद्धा म्हणायची नाही. "तुला योग्य वाटेल ते कर, बाळा," एवढं बोलून भिंतीकडे बघत बसायची. ते भिंतीकडे बघणं फ्रिजवाल्याला आरडाओरड्यापेक्षा जास्त झोंबायचं.

धंद्याच्या बाजूने बघितलं तर विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. फ्रिज उभाच न्यावा लागतो. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नको तिकडे जातं, मग पोचल्यावर तो बराच वेळ नुसता उभा ठेवावा लागतो. कारची मागची सीट पाडून तो लहान फ्रिज आडवे घालून न्यायचा आणि गिऱ्हाइकाला बजावायचा, "लगेच चालू करू नका बरं का." गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि याची पाठ वळली की बटण दाबायचं. मागे असाच एक कॉम्प्रेसर बसला, आणि नवा याने मुकाट्याने पदरचा घातला. मोठ्या फ्रिजसाठी टेम्पोवाल्याच्या विनवण्या. तो "निघालोच" म्हणायचा तेव्हा आंघोळीला निघालेला असायचा. आता एका मोठ्या कॅन्टीनने आपले सगळे फ्रिज याच्याकडे सोपवायची तयारी दाखवली होती. अट एकच, फ्रिज उभा नेता येईल अशी स्वतःची गाडी हवी.

मग घोडं अडलं कुठे? अडलं आईपाशी.

ती कार त्याने आईसाठी घेतली होती. त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा तो दुसऱ्याच्या दुकानात कामाला होता. एका दुपारी आईच्या पोटात अशी कळ उठली की ती जमिनीवर लोळायला लागली. दुसरं काही वाहन मिळेना, म्हणून मालकाच्या टेम्पोत, दोन बिघडलेल्या फ्रिजच्या मधे, पुठ्ठ्यावर आडवं घालून त्याने तिला इस्पितळात नेलं. टेम्पो मालक चालवत होता. प्रत्येक खड्ड्याला ती विव्हळायची, आणि फ्रिज तिच्या अंगावर येऊ नयेत म्हणून हा त्यांना पाठ लावून उभा. आई बरी झाली, पण ती दुपार त्याच्या डोक्यातून गेली नाही. आईला पुन्हा म्हणून टेम्पोत घालायचं नाही, अशी त्याने शपथ घेतली. पोटाला चिमटा काढून कार आणली, मागचं दार उघडलं आणि म्हणाला, "बस आई. ही तुझी गाडी."

आई बसली. पुढची सीट सुनेची, हे तिने पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं. "नवराबायकोने शेजारी बसावं. मी आपली मागे ऐसपैस बसते." सून म्हणाली, "अहो आई, तुम्ही पुढे बसा ना." आई म्हणाली, "नको गं." सून पुन्हा म्हणाली, आई पुन्हा म्हणाली, आणि तो विषय जो मिटला तो कायमचा. तेव्हापासून डॉक्टरकडे जायचं असो की कुठल्या समारंभाला, आई मागे. गाडी सुरू झाली की ती तोंडाला रुमाल लावायची, डोळे मिटायची, ते थेट पोचल्यावर उघडायची. हा आरशात बघून बायकोला कोपराने खुणवायचा. "बघ, कशी निवांत झोपलीय. याला म्हणतात आराम!"

आता पिकअप म्हणजे शेवटी टेम्पोचाच चुलतभाऊ. पुढे ड्रायव्हर धरून तीन माणसं, मागे माल. आईला त्यात चढवायचं म्हणजे शपथ मोडायची, आणि नाही चढवायचं तर ती घरातच बसून राहणार. तशीही ती हल्ली बाहेर पडायला मागत नव्हती. मावशीकडेसुद्धा नाही!

मावशी म्हणजे आईची सख्खी थोरली बहीण. घाट चढून वर गेलं की तिचं घर, फार लांब नाही. पूर्वी आई अधूनमधून बसने तिच्याकडे जायची, राहायची, आणि घसा बसेपर्यंत गप्पा मारून परत यायची. घरात कार आली आणि कसं कोण जाणे, आईचं जाणंच थांबलं. "चल, सोडतो" म्हटलं की एक तर गुडघा दुखायचा, नाहीतर पोट जड असायचं. मावशी आधी रुसली, मग चिडली. तिचा शेवटचा फोन यानेच घेतला होता. "तिला म्हणावं, मुलाने गाडी घेतली म्हणून बहीण नकोशी झाली का?" एवढं बोलून तिने ठेवून दिला. त्यानंतर आईने दोन-तीनदा लावून पाहिला, मावशीने उचलला नाही. आई कुणाला काही बोलली नाही, पण फोन वाजला की ती पदराला हात पुसत येते आणि दुसऱ्याच कुणाचा असला की तशीच मागे फिरते, हे त्याने पाहिलं होतं. कार दारात आहे तोवर कधीतरी आईला उचलून घाटावर नेता येईल, दोघींना समोरासमोर बसवता येईल, अशी त्याला आशा होती. कार गेली की ती आशाही गेली.

शुक्रवारी जेवताना त्याचा तोल सुटला. "आई, एकदाच सरळ सांग. कार ठेवू की देऊ?"

"तू कष्टाने घेतलीयस," आई ताटाकडे बघत म्हणाली.

"ते मला माहीत आहे! तुला काय हवंय?"

"मला काय कळतंय त्यातलं. तुला योग्य वाटेल ते कर."

"अहो, ओरडताय कशाला त्यांच्यावर?" बायको म्हणाली.

"मी ओरडत नाहीये!" तो ओरडला. आणि त्याने रागाच्या भरात नको असताना आणखी भात वाढून घेतला.

शनिवारी शोरूमचा सेल्समन पिकअप घेऊन दारात हजर. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मधासारखं. आल्या आल्या तो कारभोवती फिरून चक् चक् करायला लागला. बंपर बघून चक्, टायर बघून चक् चक्. मग आत वाकून ड्रायव्हरच्या सीटमागच्या कप्प्यात हात घातला आणि प्लास्टिकच्या पिशव्यांची चवड बाहेर काढली. एकेका पिशवीची चौकोनी घडी.

"हे सामान तुमचंच का, साहेब?"

फ्रिजवाल्याने कपाळावर हात मारला. गादीखाली पिशव्या, कपाटात पिशव्या, डब्यांमागे पिशव्या, आणि आता गाडीतही! "आमच्या आईची खोड आहे, द्या इकडे," म्हणत त्याने त्या खिशात कोंबल्या.

खरं तर त्याचं ठरलं होतं. नाहीच म्हणायचं. कॅन्टीन गेलं खड्ड्यात. फक्त पिकअपवर चढताना आई स्वतःच्या तोंडाने एकदा "हे नाही रे जमायचं मला" म्हणाली असती, म्हणजे तो सुटला असता. म्हणून तो आत गेला आणि म्हणाला, "आई, चल. चौकापर्यंत चक्कर मारून येऊ."

"मी कशाला?"

"चल म्हणतो ना!"

सेल्समन म्हणाला, "बिनधास्त जाऊन या, मी तोवर कारचं इंजिन बघतो." बायकोने त्याच्यासाठी चहा ठेवला.

पायरी उंच होती. आईने पाय उचलून पाहिला, पोचेना. हा मनात म्हणाला, आता म्हणेल. पण आई नुसती उभी राहिली आणि याच्याकडे बघायला लागली. शेवटी चडफडत तो घराला लागून असलेल्या आपल्या दुकानातून फ्रिजचं एक लोखंडी स्टँड घेऊन आला, ते पायरीखाली ठेवलं, आणि आई त्यावर पाय देऊन, दांडी धरून, चढली की! बसली. पदर सारखा केला.

पिकअप निघाला. फ्रिजवाला समोर बघत दात-ओठ खात होता. हिला नाही म्हणायला काय होतं? एवढा साधा शब्द!

"हे औषधांचं दुकान कधी झालं रे?" आईने विचारलं.

"अगं, कधीचंच आहे ते. तुझी औषधं तिथूनच तर आणतो."

"हो का?" आई काचेतून वळून बघत राहिली. "आणि हा पूल? केवढा मोठा बांधलाय!"

"आई, डॉक्टरकडे जाताना आपण दर वेळी याच पुलावरून जातो!"

"जात असू. मी कुठे बघितलाय."

"कसा बघशील? गाडीत बसलीस की झोपतेस."

"झोपते कुठली," आई म्हणाली. "गाडी लागते मला."

त्याने पिकअप रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवला. "काय लागते?"

"गाडी लागते रे. मागे बसलं की पोटात ढवळायला लागतं. डोळे मिटले, रुमाल लावला की जरा दम निघतो." मग जीभ चावल्यासारखी ती पटकन म्हणाली, "तसं फार काही नाही."

त्याने खिशातून त्या पिशव्या काढल्या. "मग या?"

"असाव्यात जवळ. एकदाच उपयोग झाला. तू पेट्रोल भरायला उतरला होतास तेव्हा."

"आणि मावशीकडे?"

"घाटात तर जीव नकोसा होतो, बाबा."

"पण पूर्वी तर जायचीस की!"

"बसमध्ये अगदी पुढची जागा धरायचे. समोर रस्ता दिसला की काही होत नाही. आत्ता बघ, काही होतंय का?"

"मग बसने जायचंस!"

"घरात गाडी असताना?" आईने त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही तोच वेड्यासारखं बोलत होता. "तुला काय वाटलं असतं? माझ्यासाठी घेतलेली गाडी."

त्याने स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले. हॉर्न वाजला, आणि रस्त्याने चाललेला एक माणूस दचकून बाजूला झाला. "अगं, मग पुढे बसते म्हणायचंस! एक शब्द, आई! एक शब्द बोलली असतीस!"

"पुढची जागा तिची ना."

"कमाल करतेस! सख्ख्या बहिणीने बोलणं टाकलं, ते तू चालवून घेतलंस, पण मला सांगितलं नाहीस?" त्याचा आवाज फाटला. त्याला राग आला होता, भयंकर राग, आईचा, स्वतःचा, त्या कारचा, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं म्हणून त्या पाण्याचाही.

आई म्हणाली, "मधेच डोळे किलकिले करून बघायचे मी. तू आरशातून माझ्याकडे बघून हसत असायचास. इतका खूश असायचास की सांगावंसंच वाटेना."

आईने त्याच्या हातातून चुरगळलेल्या पिशव्या काढून घेतल्या आणि मांडीवर ठेवून पुन्हा त्यांच्या घड्या घालायला लागली. "टाकू नकोस. कामाला येतात."

शेवटी त्याने बाहीने तोंड पुसलं. "आता ऐक. मी विचारतो, आणि 'तुला योग्य वाटेल ते' म्हणालीस ना, तर इथेच उतरवीन, देवाशपथ. हा पिकअप घेऊ की नको?"

आईने समोर पाहिलं. पुढे चौक होता. उजवीकडचा रस्ता घराकडे वळत होता, डावीकडचा घाटाला लागत होता.

"डावीकडे घे," आई म्हणाली.

"ती दार नाही उघडणार. फोन उचलत नाही ती."

"फोन उचलायचा नाही, तर नको उचलू दे. दार वाजवायला माझे हात आहेत. तू डावीकडे घे."

त्याने डावीकडे घेतलं. घाटाच्या पायथ्याशी खिशातला फोन वाजला. सेल्समन होता, आवाजातला मध आटलेला. "अहो साहेब, चौकापर्यंत म्हणाला होतात ना? कुठे आहात?"

"कारचे कागद करायला घ्या," फ्रिजवाला म्हणाला. "आम्ही मावशीकडे जाऊन येतो."

"कोण मावशी? अहो, ही ट्रायलची गाडी आहे!"

"फोन ठेव आधी," आई म्हणाली. "घाटात फोनवर बोलतात का? आणि वळण येतंय, हॉर्न दे. अरे, गिअर बदल, कशी घरघर करतेय बघ."

इतकी वर्षं गाडीत जिने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं, ती वर पोचेपर्यंत त्याला गाडी कशी चालवायची ते सांगत होती. त्याचं डोकं पिकलं, पण त्याने तिला एकदाही गप्प बस म्हटलं नाही.