बिनचूक मेसेज

समता कॉलोनीत आमच्या समोर राहणारे काका रेल्वेतून रिटायर झालेत. कॉलोनीच्या ग्रुपवर ते इंग्रजीतच लिहितात, पण ‘नाइट’मधला जी-एच त्यांनी कधीच काढून टाकलाय आणि ‘यू’साठी त्यांना एकच अक्षर पुरतं. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून एकदा न राहवून बोललेच.

“समजलं ना तुमाले, मॅडम? मंग काहून तरास करून घेऊन राहिल्या?” असं म्हणून ते दारातल्या जांभळाला पाणी घालत राहिले.

परवा त्यांच्या नंबरवरून ग्रुपवर मेसेज आला, की जांभूळ तोडायला माझी काहीही हरकत नाही. वाक्य लांबलचक होतं आणि स्पेलिंग एकूण एक बरोबर. मला संशय आला. गाडी ठेवायला जागा हवी म्हणून त्यांचा मुलगा बरेच दिवस त्या झाडाच्या मागे लागला होता.

मी तडक गेले. दार मुलानंच उघडलं. “दीदी, पापा ने ही भेजा है,” मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला.

तेवढ्यात काका बाहेर आले. मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. “काका, हे तुम्ही लिहिलं?”

त्यांनी चष्मा लावला आणि ओठ हलवत ते वाक्य सावकाश वाचलं. ‘ऑब्जेक्शन’पाशी अडखळले, पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. मुलानं मान खाली घातली.

“हव, मीच लिवलं,” काका म्हणाले. मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी माझ्यासमोर दार लावून घेतलं.