वहिनींचा ‘नवतपा’ आणि त्याचे तीन रिमिक्स

वहिनी गेल्या आणि तीन आठवड्यांनी त्यांचं नवं गाणं आलं. मी दुकानात होतो, हरभऱ्याचं माप चालू होतं. वहिनींचा फोन गल्ल्याशेजारी चार्जिंगला लावलेला असायचा, कारण तो बंद करायचा धीर घरात कोणाला होत नव्हता. त्या सकाळी तो एकाएकी वाजायला लागला तो थांबेचना. चिलीहून कोणी, पोलंडहून कोणी, बंगळुरूहून कोणी... सगळे अभिनंदन करत होते. ‘नवतपा’ प्रसिद्ध झालं होतं आणि या लोकांना बाकी काही माहीतच नव्हतं. एकानं तर लिहिलं होतं की गाणं लागल्यावर त्याच्या क्लबातल्या लोकांनी हात वर केले ते खाली घेतलेच नाहीत. मी ते वाचून आधी मोठ्यानं हसलो आणि मग हरभऱ्याच्या पोत्यावर बसून रडलो. समोरचा शेतकरी घाबरला. “काय झालं, संजूभाऊ?” मी म्हटलं, “वहिनीचं गाणं गाजून राह्यलं.” तो बिचारा वहिनींच्या तेरवीला जेवून गेलेला. तो म्हणाला, “पाणी पेऊन घे थोडंसं.”

त्याच दिवशी आणखी एक पत्र आलं, गाणं काढणाऱ्या अर्जेंटिनातल्या छोट्याशा कंपनीचं. वहिनी गेल्याचं मी त्यांना कळवलं, तेव्हा त्यांनी फार मनापासून लिहिलं. आणि भीत भीत विचारलं, की तीन देशांतल्या तिघांना ‘नवतपा’चे रिमिक्स करायचे आहेत, घरच्यांची परवानगी आहे का? मला वाटलं, यात विचारायचं काय, मी आनंदानं उड्याच मारणार होतो. पण परवानगी द्यायची होती माझ्या दादानं, म्हणजे वहिनींच्या नवऱ्यानं. दादा म्हणाला, “नाई.” इतकंच. दादाचं नाही म्हणजे बाभळीची गाठ, कुऱ्हाड मोडते पण गाठ सुटत नाही.

वाचकांना आता वाटेल, की आर्वीची एक गृहिणी, अर्जेंटिना आणि रिमिक्स, हे काय त्रांगडं आहे? आर्वीतल्या बऱ्याच लोकांनाही तेच वाटायचं. वैशालीवहिनी मूळच्या सेलूच्या. आमच्या धान्याच्या दुकानावर लग्न होऊन आल्या, आणि वरच्या खोलीत मुलींना कॉम्प्युटर शिकवायला लागल्या. गावाला त्या एवढ्याच ठाऊक. मुली घरी गेल्या की त्याच कॉम्प्युटरवर त्यांचं दुसरं काम चालायचं. प्रोग्रेसिव्ह हाउस नावाच्या संगीताच्या त्या वेड्या होत्या. परदेशातल्या क्लबांत, तेही मोठ्या झगमगाटी नव्हे तर तळघरातल्या, शे-दोनशे माणसांच्या क्लबांत हे संगीत चालतं. त्यात कोणी गात नाही. एक ठोका सुरू होतो, त्यावर हळूहळू एकेक आवाज चढत जातो, मध्येच ठोका थांबतो, आपला श्वासही थांबतो, आणि तो परत येतो तेव्हा पायांना विचारावं लागत नाही. वहिनींनी पहिलं गाणं कंपनीला पाठवलं तेव्हा त्यांनी कलाकाराचं नाव विचारलं. वहिनींनी खिडकीतून समोरच्या एसटी डेपोकडं पाहिलं आणि लिहून दिलं, ‘आर्वी डेपो’. पुढं कितीतरी दिवस परदेशी लोकांचा समज होता, की हा कोणी दाढीवाला बाप्या आहे.

आमच्या आईला हे समजावून सांगताना मी त्यांना ऐकलं आहे. आई म्हणाली, “वैशू, या गाण्यात काहीच होऊन नाई राह्यलं वं.” वहिनी म्हणाल्या, “आई, रोडग्यासारखं आहे थे. जाळावर टाकला तर वरून करपते अन् आतून कच्चा. आरावर ठेवाचा, फिरवत राहाचा. घाई नाई कराची.” आईला पटलं. त्यानंतर ती वरच्या खोलीत जाऊन विचारायची, “झाला का भाजून?” आणि वहिनी हेडफोन काढून म्हणायच्या, “एक बाजू झाली.”

माझ्या लग्नाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मुलगी तळेगावची, म्हणजे श्यामजी पंताच्या तळेगावची. वरातीत डीजेची गाडी होतीच, मी घोडीवर, मित्र आधीच घामाघूम. पहिल्या चौकातच डीजेवाल्याचा लॅपटॉप गेला. बँडवाल्यांनाही बोलावलेलं नाही. सगळी वरात रस्त्यात उभी, आणि माझे मामा रागावून घोडीवाल्यावरच ओरडतायत. तेवढ्यात वहिनींनी आपल्या पिशवीतून लॅपटॉप काढला. त्या लग्नालासुद्धा तो घेऊन आल्या होत्या, ते का, हे विचारायचं नाही. त्यांनी गाडीवर चढून वायर जोडली आणि आपलंच गाणं लावलं. मोठा, गोल, शांत ठोका सुरू झाला. मित्र हात वर करून तयार उभे, की आता बोल येतील. बोल येईनात. “वहिनी, गाणं कवा सुरू होईन?” एकानं विचारलं. “चालूच आहे,” वहिनी म्हणाल्या. “चाला तुमी.” आणि खरोखर लोक चालायला लागले. नाचण्यासाठी थांबावं असं त्यात काही नव्हतं, आणि थांबून राहावं असंही काही नव्हतं, पाय आपोआप पुढं पडत होते. जी वरात चौकाचौकात अडते, जिला मांडवात पोचायला संध्याकाळ होते, ती वरात मुहूर्ताच्या चांगली आधी मांडवाच्या दारात. मुलीकडचं कोणी तयार नव्हतं. वेळेवर येणारी वरात त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. माझे सासरे बनियनवर दही घोटत होते, ते तसेच मला ओवाळायला माणसं शोधत पळाले. मित्रांनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला. सासरे मात्र अजून म्हणतात, तुमच्या वहिनींनी माझी इज्जत घालवली आणि मुहूर्त वाचवला.

मला त्या संगीताची गोडी त्या घोडीवर लागली. मग मीच वहिनींच्या मागं लागलो, की एकदा हे नीट, मोठ्या आवाजात, ज्यांना हवं त्यांनाच ऐकवू. पण जागा कुठली? रात्रीचं काही जमणार नव्हतं. मुलींना दिवेलागणीला घरी पोचायचं, आणि रात्री आवाज झाला की पोलिसांना फोन जाणारच. वहिनींनी उपाय काढला तो असा, की मे महिन्याच्या दुपारी गोडाऊनमध्ये. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की आर्वीत दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं, सगळं गाव कूलरपुढं झोपलेलं. त्या उन्हाच्या आड आमचा क्लब सुरू झाला. शटर अर्धं खाली, आत वाळ्याचे चार मोठे कूलर, भिंतींना तुरीची पोती. पोती कशी लावायची ते वहिनी ठरवायच्या. कोपऱ्यांत दुहेरी थप्पी, मधे मोकळं, म्हणजे आवाज घुमत नाही. वर्ध्याहून, पुलगावहून, नागपूरहून पोरंपोरी एसटीनं यायची, तोंडाला दुपट्टे गुंडाळलेली, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. अंधारात, कूलरच्या ओल्या वाऱ्यात, वाळ्याच्या वासात वहिनी गाण्यातून गाणं काढायच्या. जगात आदल्याच आठवड्यात आलेली नवी गाणी, कधीकधी जगात अजून न आलेलीसुद्धा, आर्वीत वाजत होती. मी नाचायचो. मी, संजय, ज्याला गणपतीतही कोणी हलवू शकलं नाही. ओळखीची माणसं आत ओळखू येत नव्हती, इतकी ती आनंदात असायची.

दादा आत कधी आला नाही. तो बाहेर कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसायचा, भर उन्हात, राखण करत. एखादा चुकार माणूस विचारायचा, “आत काय चालू आहे, शेठ?” दादा म्हणायचा, “तूर निवडून राह्यले.” एकदा एक व्यापारी नेमका तेव्हाच आला आणि कोपऱ्यातली पोती मागायला लागला. दादानं त्याला रविवारनंतर ये म्हणून वाटेला लावलं. दादाला गाण्यातलं काही कळत नाही, असं मी, आई आणि सगळं घर धरून चाललो होतो. तोही काही बोलायचा नाही. वहिनी काम करत असल्या की तो त्याच खोलीत कॉटवर पाठ करून झोपलेला असायचा. निदान आम्हाला तो झोपलेला वाटायचा.

मग वहिनींचं दुखणं निघालं. नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या, केस गेले, वजन गेलं. ‘नवतपा’ त्यांनी त्या फेऱ्यांमध्येच केलं, मांडीवर लॅपटॉप घेऊन. मी तिथं दवाखान्यात भेटायला गेलो की म्हणायच्या, “भाऊजी, या, जरासं ऐका,” आणि एक हेडफोन माझ्या कानाला. रडका चेहरा करून गेलो की रागावायच्या. “तुमचं थोबाड पाहून ठोका मंद होऊन राह्यला.” शेवटी गाणं पूर्ण करून, कंपनीला पाठवून त्या मोकळ्या झाल्या. मार्चमध्ये गेल्या... त्या वर्षीचा नवतपा अजून लांब होता.

तर आता दादाचं नाही. मी त्याला समजावलं, की रिमिक्स म्हणजे गाण्याचे सुटे भाग दुसऱ्याला द्यायचे, ठोका वेगळा, सूर वेगळा, आणि त्यानं त्यातून आपलं गाणं बांधायचं. गाणं असंच या क्लबातून त्या क्लबात जातं, नाही तर महिन्याभरात विसरलं जातं. दादानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तिच्या हातचं लोणचं आहे हे. दुसऱ्यानं हात घातला का बुरशी धरते.” मी चिडलो. मी म्हटलं, बरणी घट्ट लावून फडताळात ठेवून काय करशील, वास घेशील? ते बोलायला नको होतं. दोन दिवस आम्ही एका दुकानात बसून एकमेकांशी ग्राहकांमार्फत बोललो.

शेवटी मी वरच्या खोलीत गेलो आणि त्याला हाक मारली. मी त्याला एक गाणं लावून दिलं, अर्जेंटिनातल्या एका म्हाताऱ्या उस्तादाचं. मग त्याच गाण्याचा वहिनींनी केलेला रिमिक्स लावला. वहिनींचं नाव झालं ते याच रिमिक्सनं, त्याआधी ‘आर्वी डेपो’ला कोणी विचारत नव्हतं. दादानं कॉटवर बसून दोन्ही पूर्ण ऐकली. मग म्हणाला, “हे त्या म्हाताऱ्याचं?”

“हो.”

“त्यानं आपल्या गाण्याचे भाग तिले देल्ले?”

“हो.”

“वळख ना पाळख?”

“एक पत्र लिहिलं होतं वहिनीनं. बस.”

तो उठून खाली गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर करता करता, माझ्याकडं न बघता म्हणाला, “घेतलं होतं, तं द्या लागन. देऊन टाक.”

तीन रिमिक्स मेच्या मध्यावर आले. मला इतकी घाई झाली होती, की दुकान आईच्या हवाली करून मी वर पळालो. दादा मागून आला, पायऱ्या मोजत असल्यासारखा. पोलंडवाल्या मुलीनं गाण्याला असं काही काळंभोर केलं होतं, की माझ्या अंगावर काटा आला. बंगळुरूच्या मुलानं ते हलकं, सकाळच्या प्रहरासारखं करून टाकलं होतं. तिसरा रिमिक्स अर्जेंटिनाचा, आणि तो फार जबरदस्त होता, मी खुर्चीत बसू शकलो नाही. दादा ऐकत होता, डोळे मिटून. ठोका थांबला, आवाज वर वर चढले, आणि ठोका परत आला तसे दादाचे डोळे उघडले.

“हा घाई करते,” तो म्हणाला.

“काय?”

“ठोका लवकर आणला यानं. ती थांबली असती अजून. आणखी एक फेरी. तिथं तो बारीक आवाज येते ना, पाखरासारखा, तो पुरा विरला का मंग आणाचा.” मी पुन्हा लावून पाहिलं. दादाचं बरोबर होतं. इतकी वर्षं हा माणूस त्या कॉटवर पाठ करून झोपला नव्हताच... मी तसंच त्या अर्जेंटिनावाल्याला लिहून कळवलं. दोन दिवसांनी त्यानं बदलून पाठवलं, आणि विचारलं की हे कोणाच्या कानाला जाणवलं? मी लिहिलं, तिच्या नवऱ्याच्या. त्या रविवारी गोडाऊनमध्ये तिन्ही रिमिक्स वाजले आणि पोरांनी कूलर बंद पडले तरी नाच थांबवला नाही.

वहिनींची एक सवय सांगायची राहिलीच. शुक्रवारी जगभरात नवी गाणी येतात. वहिनी दर शुक्रवारी ती सगळी ऐकायच्या, आणि ज्यांचं कोणी ऐकत नाही अशा एखाद्या नवख्याला हुडकून दोन ओळी लिहायच्या. बाकी कामं राहोत, हे राहायचं नाही. आता शुक्रवारी दुकान बंद झालं, की दादा वर जातो आणि मला हाक मारतो, कारण इंग्रजी माझं. मी टाइप करतो, तो कॉटवर बसून सांगतो. गेल्या शुक्रवारी जॉर्जियातल्या एका मुलीचं पहिलंच गाणं निघालं होतं. चांगलं होतं, थोडं कच्चं होतं. दादानं ते दोनदा ऐकलं. “काय लिहू?” मी विचारलं.

“लिही,” तो म्हणाला, “आर्वीत आम्ही दोघांनी ऐकलं. आवडलं. पुढचं कवा?”