झरोक्यात अडकलेला जावई

आमच्या बाथरूममध्ये वाऱ्याची झुळूकसुद्धा शिरत नव्हती, आणि मला त्याचा अभिमान होता.

ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन आम्ही चंद्रपुरात घर बांधलं. पहिल्याच थंडीत गॅस गीझर घेतला. दुकानदाराने बजावलं होतं की धूर बाहेर न्यायला भिंतीतून पाइप काढा आणि हवेसाठी झरोका उघडा ठेवा. पण नव्याकोऱ्या टाइल्सना भोक? (त्यापेक्षा माझ्या छातीला पाडा!) पाइप मी माळ्यावर टाकला. झरोक्यातून ओल्या पाठीवर गार वारा यायचा, तिथे थर्माकोल बसवून चिकटपट्टी मारली.

"अवो, सारी नोकरी चिमणीखाली केली तुमी," माझी बायको मंदा म्हणाली, "अन् घरच्या गीझरले चिमणी नाई?"

"तिथी कोळसा जळते. याचा धूर दिसते काय तुले?"

"दिसत नाई म्हून नसते काय?"

मी पेपर उघडला.

संक्रांतीला मंदाचे थोरले भाऊ, बबनभाऊ, सावली गावाहून आले. हॉलमध्ये मंदाचं हळदीकुंकू रंगात आलेलं.

"जवाई, आज मी मन भरून आंघोळ करतो!" म्हणत ते बाथरूममध्ये शिरले. आतून खणखणीत भजन सुरू झालं. मग ते मंदावलं. मग एकच ओळ फिरून फिरून यायला लागली. मग तीही थांबली.

"बबनभाऊ?"

"डोस्कं गरगरून राह्यलं बे..."

(जावयाला 'बे'! प्रकरण गंभीर होतं.)

"कडी काढा, भाऊ!"

"कडी... कुठी हाये?"

मंदा कुंकवाचा करंडा टाकून धावली आणि आधी बाहेरचं सिलिंडर बंद केलं. "अवो, पाहून काय राह्यले? झरोका खोला!"

मी परसात ड्रम उलटा करून वर चढलो. पट्टी निघेना. (मीच मारलेली ना!) शेवटी डोक्यानेच ढुशी दिली. थर्माकोल आत पडला, मागोमाग माझं डोकं आत गेलं आणि तिथेच अडकलं. म्हणजे थर्माकोलच्या जागी आता मी गच्च बसलो होतो!

बबनभाऊंनी कसंबसं वर पाहिलं. भिंतीतून थर्माकोलच्या भुग्याने पांढरंफटक झालेलं एक मुंडकं त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होतं.

"मायवं!"

त्या भीतीत त्यांना कडी सापडली. साबणाच्या फेसासकट, पंचा सावरत ते थेट हळदीकुंकवातून अंगणात पळाले. बायकांनी किंचाळून डोळे मिटले. (एकीने मिटता मिटता वाण तेवढं उचललं.)

इकडे माझ्या पायाखालचा ड्रम कलंडून घरंगळला. "मंदा, मले ओढ वं!"

"लटकून राहा! आधी भाऊले पाहू द्या!"

शेजाऱ्यांनी मला उपसून काढलं आणि आम्ही बबनभाऊंना दवाखान्यात नेलं. "बंद खोलीत गीझरचा विषारी वायू साठतो," डॉक्टर म्हणाले. "त्याला रंग नाही, वास नाही. आणखी थोडा उशीर झाला असता तर..." भावाचा हात धरून मंदा हमसून रडली.

बबनभाऊ बरे झाले. गीझर परसाच्या भिंतीवर गेला, धुराचा पाइप मोकळ्या हवेत निघाला आणि गरम पाण्याच्या नळासाठी टाइल्सना भोक पडलंच. झरोका वाढवायला मिस्त्री आला.

"केवढा करू, बाई?"

मंदाने माझ्याकडे बोट दाखवलं. "यायचं डोस्कं मोजून घ्या. त्यात अक्कल तं शिरत नाई, निदान डोस्कं तरी बाहेर निघालं पायजे!"

मिस्त्रीने टेप काढला. मी मुकाट्याने मान पुढे केली.