सोमवारची खाच

त्या सोमवारी सकाळी नऊ वाजता संगणकावरची रेघ सरळच पुढे गेली. शहराबाहेरच्या एका धनगरवस्तीच्या विहिरीत आमच्या संस्थेनं सेन्सर सोडला आहे. पाण्यात क्षार किती, हे तो काठावरच्या खांबाला लावलेल्या पेटीतून सतत कळवतो आणि माझ्या टेबलावर त्याची रेघ उमटते. भिवाजीमामा दर सोमवारी नऊला तो दोरीनं वर ओढत, लोकरीच्या बोळ्यानं त्याच्यावरचं शेवाळ पुसत आणि पुन्हा पाण्यात सोडत. तेवढी पाच-सात मिनिटं सेन्सर हवेत असे, म्हणून रेघ एकदम तळाला जाई आणि परत वर येई. त्याला मी खाच म्हणायचे. त्या दिवशी खाच पडली नाही. मामा विसरले म्हणून मी जरा चिडूनच फोन लावला. फोन मामींनी उचलला. “पहाटंच गेले गं बाई...” एवढंच त्या म्हणाल्या. माझे डोळे त्या सरळ रेघेवरून हलेनात.

मामा माझ्या नात्यातले नव्हते. तीन वर्षांपूर्वी आम्ही विहिरीत एक आणि त्यांच्या शेताच्या मातीत एक असे दोन सेन्सर बसवले, आणि राखण त्यांच्यावर सोपवली. कधीकाळी मोठा कळप सांभाळलेला माणूस. आता जेमतेम अकरा मेंढरं उरली होती. पहिल्याच महिन्यात मातीचा आकडा असा उसळला, की मी नवा सेन्सर पिशवीत घालून बजाजनगरच्या ऑफिसातून धावतपळत वस्तीवर गेले. बघते तर सेन्सरभोवती लेंड्यांचा सडा! मामांनी तीन मुक्काम तिथंच मेंढरं बसवली होती. “इतकं महागाचं यंत्र, चोरीला गेलं म्हंजी? मेंढरं हायेत म्हनल्यावर कोन येतंय?” असं ते मोठ्या ऐटीत म्हणाले. खत म्हणून रानात मेंढरं बसवायची त्यांची रीत, तीच त्यांनी राखणीला लावली होती. मी शेतकऱ्याची मुलगी. मला ते आधीच सुचायला हवं होतं. दोघंही पोट धरून हसलो. पण त्या हसण्यानं माझं एक नुकसान झालं. त्यांच्याकडून विचित्र आकडा आला, की ‘मामांचीच काहीतरी करामत’ असं मी धरूनच चालू लागले.

म्हणूनच गेल्या उन्हाळ्यात विहिरीची रेघ चढायला लागली, तेव्हा मला काहीच वाटलं नाही. लोकर कातरायचे दिवस होते. कातरण्याआधी मेंढरं धुतात, ते पाणी विहिरीत झिरपलं असणार, असा हिशोब मी मनाशीच करून टाकला. तेवढ्यात मामांचाच फोन आला. “बाई, मेंढरं पान्याला तोंड लावंनात.”

“मामा, विहिरीवर मेंढरं धुतलीत ना? खरं सांगा.”

“नाय बाई. आईच्यान नाय.”

मी हसले. फोन ठेवला आणि जागेवरून न उठता तो आकडा खाली ओढून पहिल्यासारखा केला. आकडा ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की मामांच्या फोनवर इशारा जायचा; मी खाली ओढल्यामुळे तो गेलाच नाही.

पाच दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी तिकडे गेले, तर विहिरीच्या तोंडावर बोरीच्या काट्यांचा ढीग. मला फोन केला त्याच दिवशी मामांनी तो रचला होता. बायकांनी त्यांना शिव्याशाप दिले, एकीनं अंगावर घागर फेकली; पण हा माणूस काठी घेऊन काठावर बसून राहिला, आणि पिण्याचं पाणी लांबच्या मळ्यातून आणवलं. मी बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत दिलं. पिण्याजोगं नाही, असा निकाल आला. एवढे क्षार कुठून झिरपले, हे शेवटपर्यंत कळलं नाही. लोक निंबाखाली जमले, तेव्हा मी खाली मान घालून उभी होते. आता मामा सगळं सांगणार, असं मला वाटलं. पण त्यांनी काठी सेन्सरच्या खांबाकडं रोखली. “मला काय ठावं? ह्या खांबानं सांगितलं.” लोकांनी खांबाकडं कौतुकानं पाहिलं. मी गप्प बसले... आणि पुढं वर्षभर गप्पच राहिले. भित्री होते, दुसरं काय!

तेराव्याला वस्ती जमली होती. जेवणं व्हायच्या आधी मी उठले आणि सगळ्यांसमोर सांगितलं: यंत्र बरोबर होतं, मी त्याचं तोंड दाबलं, तुम्हाला वाचवलं ते मामांनी आणि त्यांच्या मेंढरांनी. घागर फेकणारी बाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. मामी तेवढ्या शांत होत्या. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं.

“मला ठावं व्हतं. त्यांनीच सांगितलं व्हतं.”

“मग तुम्ही कधी बोलला नाहीत?”

“ते म्हनले, पोरीची चूक कळली तर लोक खांब उपटून फेकतील. मेंढरं आज ना उद्या इकायचीच हायेत, मी बी किती दिस पुरनार? मागं खांब तरी ऱ्हाऊ दे.”

निघताना मी खांबापाशी गेले. पेटीच्या कडीला लोकरीचा बोळा अजून बांधलेला होता, शेवाळानं हिरवा झालेला.

आमच्याकडे दर महिन्याला नोंदी साफ करतात. सेन्सर पाण्याबाहेर असतानाचा आकडा खोटा, म्हणून तो काढून टाकायचा आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘सदोष नोंद’ लिहायचं. तीन वर्षांच्या साऱ्या खाचा मी माझ्या हातानं अशाच पुसल्या. परवा संगणक उघडून शोधलं, तर साफ करायच्या राहिलेल्या त्या शेवटच्या महिन्यातल्या तीनच खाचा सापडल्या. नऊ वाजता, नऊ वाजता, नऊ वाजून दोन मिनिटांनी. पुढच्या सोमवारच्या जागी सरळ रेघ. त्या तिन्ही मी तशाच ठेवल्या. साहेबांनी कारण विचारलं, तर सांगेन. तिन्हींपुढे शेरा लिहिला आहे: ‘नोंद बरोबर. भिवाजीमामा हजर.’