चंद्रभान राजाला मरायची बंदी

कारंज्याच्या बाजारात वांगी विकणारा चंद्रभान उमाटे १९८१ साली सव्वादोन तास राजा होता. त्याआधी अठरा वर्षं गावच्या नाटकात तो दरबाराच्या दारात भाला धरून उभा राहिला. 'महाराजांचा विजय असो' एवढंच त्याचं बोलणं.

गाव नाल्याने कापलेलं. सोसायटीच्या निवडणुकीपासून वरचा मोहल्ला आणि खालचा मोहल्ला एकमेकांच्या लग्नातही जेवत नसत. नाटक मंडळही फुटलं. पडदे आणि मुकुट वरच्यांकडे राहिले, पेटी आणि तलवारी खालच्यांकडे, आणि नाटक कोणालाच करता येईना. शेवटी तह झाला. राजा वरच्यांचा, त्याचं राज्य फोडणारा धाकटा भाऊ खालच्यांचा. वरच्यांत दुसऱ्या कोणाचं पाठांतर नव्हतं, म्हणून मुकुट चंद्रभानच्या डोक्यावर आला. प्रयोग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भरदुपारी ठरला. अंधारात तलवारी कितपत नाटकातल्या राहतील, याची दोन्ही बाजूंना शंका होती.

चंद्रभानला राज्याचं अप्रूप नव्हतं. त्याची नजर मरणावर होती. दुसऱ्या अंकाच्या शेवटी भावाच्या वाराने राजा पडतो आणि मरता मरता रयतेशी बोलतो. ते भाषण म्हणजे नाटकाचा जीव. तीन महिने तो ते वाफ्यांत पाणी फिरवताना म्हणत होता.

“अवो, वांग्याईले पाणी देऊन राह्यले का मरून राह्यले?” बायको पंचफुला बांधावरून विचारी.

“मरून राह्यलो. थांब जराशी, संपतच आलो.”

पहिला अंक नीट पार पडला. लढाई सुरू झाली तसं मात्र लोक नाटक विसरले. धाकट्या भावाच्या वेषातल्या मधुकररावाने तलवार उगारली, तेव्हा वरच्या मोहल्ल्याचे पुढारी अण्णाजी खुर्चीवरून उठले.

“चंद्रभान, खबरदार मरशीन तं!”

“पण अण्णाजी, लिहिलंच तसं हाये.”

“लिहिनाऱ्याले आपला गाव मालूम होता का? खालच्याच्या हातानं मरतं? नाल्यापलीकडचे हासतीन ना आपल्याले!”

“मार ना बे मधुकर! काऊन थांबला?” खालचे ओरडले.

“राजे, लवकर ठरवा,” मधुकरराव हळूच म्हणाला. “तलवार लोखंडाची हाये. हात भरून आला माहा.”

चंद्रभान लढत राहिला. ठरलेला वार चुकवला, मग दुसरा, मग तिसरा. अर्धा तास झाला तरी राज्य शाबूत, आणि मेल्याशिवाय भाषण मिळणार नव्हतं. अखेर त्याने मधुकररावाची तलवार दोन्ही हातांनी धरून स्वतःच्या काखेत खुपसून घेतली आणि कोसळला. “माझ्या रयते” एवढं म्हणतो तोच अण्णाजींनी हात केला आणि पडदा ओढणाऱ्या नत्थूने पडदा पाडला.

मग पडद्याखालून राजाचं डोकं बाहेर आलं. मुकुट मागेच राहिला होता. पालथा पडून, हनुवटी फळीवर टेकवून चंद्रभानने भाषण पहिल्यापासून सुरू केलं. एक शब्द गाळला नाही. नत्थू मागून त्याचे पाय ओढत होता, त्यामुळे मधूनमधून आवाज कापत होता. बाया रडल्या. खालच्या मोहल्ल्यातल्यासुद्धा. शेवटचा शब्द झाल्यावर त्याने मान टाकली.

त्याच संध्याकाळी मारुतीच्या पारावर दोन्ही मोहल्ले बसले. वरच्यांचं म्हणणं, शत्रूच्या तलवारीवर मरून चंद्रभानने गद्दारी केली. खालच्यांचं म्हणणं, आपल्याच हाताने मरून त्याने मधुकररावाचा विजय बुडवला. चंद्रभानला पुन्हा राजा करायचं नाही, असं एकमताने ठरलं. गावात चार वर्षांत एकमताने ठरलेली ही पहिलीच गोष्ट.

“तुले काही म्हनाचं हाये का?” अण्णाजींनी विचारलं.

“नाई,” चंद्रभान म्हणाला. “माह्यं बोलून झालं.”